पोचलेली आरती

भैरवनाथाच्या देवळातल्या मशीनचं बटण दाबून धर्माजी पायरीवर येऊन बसला आणि तंबाखू मळू लागला. आत नगारा, दोन झांजा आणि घंटा, सगळं आपापलं वाजत होतं. माणूस एकही नव्हतं. धर्माजी होता, पण त्याला भक्त म्हटलेलं त्यालाच पटलं नसतं. देवाशी त्याचं वैर नव्हतं, पण येणंजाणंही नव्हतं. घरातली ती बाजू साळुबाई सांभाळायची.

साळुबाईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. नारायणगावच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिनं ना पोराचं नाव काढलं, ना गाईचं. नवऱ्याचा हात धरून एवढंच म्हणाली, "माज्यामागं नाथाच्या आरतीत खंड पडू दिऊ नका." चाळीस वर्षांच्या संसारात बाईनं मागितलेली ही पहिलीच गोष्ट. धर्माजीनं मान हलवली. पण आरती म्हणायची कशी? रोज संध्याकाळी ती आत आरती म्हणायची आणि हा पायरीवर बसून ती संपायची वाट बघायचा, कारण घराची किल्ली तिच्या कमरेला असायची.

वाडीतल्या कुणाला हाक मारावी, तर सातच्या सुमाराला सगळी वाडी टीव्हीसमोर. गुरव चाकणला कंपनीत लागलेला. शेवटी पोरानं पुण्याहून हे मशीन पाठवलं आणि धर्माजीची अडचण मिटली. ताप असो, पाहुणे असोत, सातचं बटण त्यानं कधी चुकवलं नाही. बायकोचं म्हणून सांभाळण्यासारखं त्याच्याकडं आता तेवढंच उरलं होतं.

त्या संध्याकाळी देवळासमोर एक गाडी थांबली. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या डिशा वाडीतल्या कुठल्याही ओट्यावरून दिसतात, त्यामुळं तिथली गाडी सगळे ओळखतात. हातात जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखं काहीतरी धरून एक तरुण बाई उतरली. तिथली इंजिनिअर, अश्विनी.

"बाबा, आत काय चालू आहे?"

"आरती."

"कोण करतंय?"

"मशीन."

अश्विनी ती अँटेना घेऊन आत गेली आणि हसत बाहेर आली. "सापडलं एकदाचं! तीन महिने शोधतोय आम्ही. रोज बरोबर सात वाजता आमच्या आलेखावर खरखर उमटते. ताऱ्यांकडून येणारं काही ऐकूच येत नाही."

धर्माजीचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "म्हंजी ह्ये वर पोचतंय?"

"आमच्यापर्यंत पोचतंय, बाबा. मोटारीचे कार्बन झिजलेत, ठिणग्या उडतायत, त्यांचीच ती खरखर. माणूस पाठवते, दहा मिनिटांचं काम आहे."

पण 'पोचतंय' या शब्दापुढचं धर्माजीनं काही ऐकलंच नाही. दीड वर्ष तो दिलेल्या शब्दाखातर बटण दाबत आला होता. ते कुठं जाऊन पोचत असेल, असं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. आता एकदम वाटलं, की वर कुणीतरी सातची वाट बघत असेल. तो सुखावला, आणि सुखावलेल्या माणसाच्या हातून होते ती चूक त्याच्या हातून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर दूध घालताना तो हे सोमाजीपाशी बोलला.

सोमाजी वाडीतल्या सगळ्या कमिट्यांचा माजी चेअरमन होता आणि सध्या रिकामा होता. दुपारपर्यंत बातमी झाली, की शास्त्रज्ञांनी यंत्र लावून तपासलं, नाथाची आरती थेट ताऱ्यांपर्यंत जाते. संध्याकाळी ऐंशी माणसं आली. तिसऱ्या दिवशी येडगावाहून टेम्पो भरून आला, चौथ्या दिवशी निरगुडसरहून दोन. कुणाचं लग्न जमत नव्हतं, कुणाची नोकरी अडली होती. लोक चिठ्ठ्या लिहून मशीनवर ठेवू लागले, मूर्तीकडं पाठ करून.

कार्बन बदलायला अश्विनीनं पाठवलेला चांद आला, तेव्हा सोमाजी दारात आडवा झाला. चांद जुन्नरचा. पंचक्रोशीतल्या पाण्याच्या मोटारींपासून मशिदीच्या भोंग्यापर्यंत सगळं त्याच्याच हाताखालून जायचं.

"मोटारीला हात लावायचा न्हाई, चांद. वरची लाईन तुटंल."

"लाईन कसली? मोटार जळंल, सोमाजीभाऊ."

"तुला आमच्या देवातलं काय कळतंय?"

"देवातलं नाय कळत. मोटारीतलं कळतं."

चांद पिशवी उचलून निघाला. जाताना धर्माजीला म्हणाला, "काका, तुमी तरी सांगा यांना." धर्माजीनं नजर चुकवली. कार्बन बदलला आणि वर पोचायचं बंद झालं, तर साळुबाईला काय वाटेल, ही भीती त्याला चांदसमोर बोलून दाखवता येईना.

आठवड्याभरात कमिटी झाली आणि बटण सोमाजीकडं गेलं.

"अवो, ती आरती माज्या बायकोच्या शब्दाची हाय," धर्माजी काकुळतीला आला.

"आता ती गावाची झाली. तुमी मागं बसा निवांत."

मागं म्हणजे चपलांपाशी. तिथून मशीन दिसत नव्हतं, नुसतं ऐकू यायचं. त्याला वाटलं, साळुबाई दुसऱ्यांदा गेली.

रविवारी तर कहर झाला. तीनशे माणूस, आठ हॅलोजन, देवळाच्या कळसापासून वडापर्यंत लायटिंगच्या माळा, शिऱ्यासाठी दोन विजेच्या शेगड्या. लोकांची समजूत घालायला अश्विनी स्वतः आली होती. सोमाजीनं उलट तिलाच गळ घातली, की ऑफिसला फोन लावा आणि आज किती पोचतंय ते सगळ्यांना ऐकवा. निदान त्यातून खरं काय ते कळेल, म्हणून ती तयार झाली.

सातला पाच कमी असताना वडापलीकडं धाडकन आवाज झाला. एवढ्या सगळ्या लोडानं डीपी उडाली आणि वाडीची वीज गेली. सोमाजीनं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग मशीनला नमस्कार करून दाबलं. वायरमनचा फोनवर निरोप आला, आता उद्याच.

"आरती म्हणा की कुणीतरी!" मागून कुणी ओरडलं. तीनशे माणसं एकमेकांकडं बघू लागली. एकालाही येत नव्हती.

धर्माजीनं घड्याळ बघितलं. सात. दीड वर्षात पहिल्यांदा खंड पडणार होता. तो चपलांमधून उठला, माणसं बाजूला सारत गाभाऱ्यापाशी गेला, घंटेची दोरी धरली आणि फाटक्या आवाजात सुरुवात केली.

आपल्याला आरती येते, हे त्याला त्या क्षणीच कळलं. चाळीस वर्षं पायरीवर बसून ती कानात साठली होती, पण साळुबाईसकट. तिला जिथं धाप लागायची तिथं तो थांबला. दुसऱ्या कडव्यानंतर ती देवळात शिरणाऱ्या कुत्र्याला हाकलायची. धर्माजीच्या तोंडून आपसूक आलं, "हाड, हाड!"

मागून तीनशे गळे भक्तिभावानं म्हणाले, "हाड, हाड!"

तिसऱ्या कडव्यात तो म्हणाला, "अवो, वात सरकवा जरा." लोकांनी डोळे मिटून तेही म्हटलं. धर्माजीला लाज वाटली नाही. तिच्या सुरात सूर घालताना ती शेजारीच उभी आहे असं त्याला वाटत होतं, आणि म्हणून त्यानं शेवटचं कडवं होईल तेवढं लांबवलं.

आरती संपली. सोमाजीनं अश्विनीला खूण केली. तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"किती आलंय आज?"

"काहीच नाही, मॅडम," पलीकडचा आवाज खुशीत होता. "तीन महिन्यांत पहिल्यांदा सात वाजता आलेख स्वच्छ आहे. बंद केलं का तुम्ही ते?"

गर्दीतून एक मोठा सुस्कारा निघाला. अश्विनी समजावत राहिली, की आमच्या यंत्राला फक्त मोटार कळते, माणसाचा आवाज कळतच नाही. पण लोक चिठ्ठ्या परत घ्यायला मशीनपाशी रेटारेटी करत होते.

"पोचली न्हाई," सोमाजी म्हणाला. "दीड वरीस सांभाळलं अन् आज तुमच्याच हातनं खंड पडला, धर्माजी."

साळुबाई बसायची त्या फरशीवर धर्माजी खाली बसला आणि रडू लागला. दवाखान्यात रडला नव्हता, दहाव्याला रडला नव्हता. ते सगळं आता येत होतं आणि त्याला फार बरं वाटत होतं.

सोमाजीला त्याची दया आली. त्यानं पाठीवर हात ठेवला.

"रडू नका. पयलीच चूक हाय, नाथ माफ करंल. उद्या जनरेटर लावू."