बंद केलीत तर तुमची

जरतर गाडीत बसले तेव्हा इंजिन आधीपासूनच चालू होतं, आणि ते तसंच चालू ठेवायचं होतं. दातांच्या डॉक्टरांची अट तेवढी एकच.

"सेल्फ गेलाय," डॉक्टर खिडकीत वाकून म्हणाले. "ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. सकाळी मी आणि कंपाउंडरने मिळून केली. आता दिवसभर खुशाल फिरवा, मेकॅनिकला दाखवा, घरी दाखवा. नको वाटली तर चालू गाडी इथे आणून लावा. मात्र बंद केलीत, तर ती तुमची. माझ्या पाठीत पुन्हा ढकलायचा दम नाही."

जरतर हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. विमा कंपनीच्या दावे विभागात त्यांनी अख्खी नोकरी काढली होती. सकाळी टेबलाशी बसायचं आणि संध्याकाळपर्यंत लोकांचे अपघात वाचायचे. असा माणूस रस्ता ओलांडायच्या आधी मनातल्या मनात स्वतःचाच दावा भरून बघणार, तुम्हीच सांगा, त्याचा काय दोष? "जर ब्रेक लागला नाही, तर?" हा त्यांचा आवडता प्रश्न. ऑफिसने त्यावरून त्यांचं बारसं केलं, आणि आता घरची माणसंसुद्धा चुकून तेच नाव घेत.

गाडी इतकी चालली होती की मीटरवरचा आकडा पाहून त्यांना आधी वाटलं, हा कुणाचा तरी फोन नंबर असावा. "आकडा काय बघता?" डॉक्टर म्हणाले. "किडली आहे थोडी, पण मुळं पक्की आहेत." शेजारचा दरवाजा आतून उघडत नव्हता. पेट्रोलचा काटा टाकी रिकामी असो की भरलेली, सदा समाधानी. ब्रेक दाबला की मागच्या सीटवरून कुणीतरी सुस्कारा टाकल्यासारखा आवाज यायचा. आणि किंमत इतकी कमी की ती ऐकून जरतरांना आनंद व्हायच्या ऐवजी दरदरून घाम फुटला.

तरीही ते गाडीत बसले, कारण प्रश्न बाईंचा होता. बाई म्हणजे त्यांची बायको. घराजवळच्या शाळेत त्या वर्षानुवर्षं गणित शिकवत होत्या, आणि आता गावाच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीवरच्या शाळेत त्यांना मुख्याध्यापिका व्हायचं बोलावणं आलं होतं. वाट पाहून पाहून त्यांनी ती आशा सोडून दिली होती, तेव्हा आलं. जायला दोन बस आणि वर चढ. बाईंचा गुडघा काही त्या चढाला राजी नव्हता. उत्तर उद्या द्यायचं होतं. "गाडी जमली तर हो कळवते, नाही तर नाही," एवढंच म्हणून त्या कपडे वाळत घालायला निघून गेल्या. पाठमोऱ्या होत्या, म्हणून जरतरांना त्यांचा चेहरा दिसला नाही, आणि तेव्हापासून त्यांना धड झोप नव्हती.

आता रोज सकाळी आपल्यालाच ही गाडी त्या टेकडीवर चढवावी लागणार, या विचाराने त्यांची पाचावर धारण बसली होती. जीव मुठीत धरून ते घरापर्यंत आले. ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा उचलला की गाडी धापा टाकायची, त्यामुळे उतरून बेल वाजवायची सोय नव्हती. त्यांनी हॉर्न दाबला. तो वाजला, पण दाबलेला सोडल्यावरही वाजतच राहिला. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, बाईंची सोडून. त्या आत मिक्सर लावून उभ्या होत्या. शेवटी समोरच्या काकांनी चिडून बाईंना फोन केला की तुमच्या यजमानांना आधी थांबवा.

बाई आल्या, बॉनेटवर हाताची एक थाप मारली, हॉर्न गप्प झाला. त्या शेजारी येऊन बसल्या. जरतरांनी डॉक्टरांची अट सांगितली. बाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि त्या म्हणाल्या, चला, आधी मेकॅनिकला दाखवू.

मेकॅनिक गाडीभोवती एक चक्कर मारून आला, खाली वाकला, इंजिनाला कान दिला आणि म्हणाला, "बंद करा."

"बंद नाही करता येणार," जरतर म्हणाले.

"का?"

"बंद केली तर घ्यावी लागेल."

"मग घ्या."

"पण घ्यायची की नाही, ते तुम्ही बघून सांगणार ना?"

"बंद केलीत तर बघणार ना. चालू इंजिनाच्या पट्ट्यात मी हात घालत नाही, माझी दहाच्या दहा बोटं अजून जागेवर आहेत." मेकॅनिकने हात पुसले आणि तो दुसऱ्या गाडीकडे वळला.

गाडं अडलं ते असं. घ्यायची की नाही हे कळायला बंद करायला हवी, आणि बंद करायची तर आधी घ्यायला हवी. जरतरांनी हे वाक्य उलटसुलट करून पाहिलं, तरी उत्तर तेच. परत द्यावी का, म्हणून त्यांनी बाईंकडे बघितलं. बाई समोरच्या काचेतून बाहेर बघत होत्या. "परत तर द्यायचीच आहे," त्या म्हणाल्या. "त्याआधी एकदा शाळेपर्यंत जाऊ. रस्ता तरी बघून ठेवते." कुठल्याच तक्रारीशिवाय बोलल्या, आणि तेच जरतरांना जास्त लागलं.

टेकडीचा चढ लागला. शाळेचं फाटक समोर दिसत असताना उतारावरून एक बस आली. बसला भरपूर जागा होती, पण जरतरांना आधी बस दिसली आणि मग बसखालचा दावा. त्यांनी दोन्ही पाय दिसेल त्याच्यावर दाबले. गाडीने एक आचका दिला, मागून सुस्कारा आला, आणि सगळं शांत झालं.

"संपलं," जरतर म्हणाले. "घेतली आपण. बंद पडली."

"डॉक्टर बघतायत का?" बाई म्हणाल्या. "उतरा आणि बाहेरून माझं दार उघडा. तुम्ही ढकला, मी बसते."

"तुला येते?"

"लग्नाआधी वडिलांचा दुधाचा टेम्पो कोण चालवायचं, असं तुम्हाला वाटतं?"

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

फाटकावरचा वॉचमन मदतीला धावला. बाईंनी चाक वळवलं, दोघांनी गाडीचं तोंड उताराकडे केलं आणि खांदा लावला. गाडी घरंगळली, खोकली, आणि एकदम सुरू झाली. जरतरांनी घाम पुसत हात वर केला की थांब. पण थांबायचं नव्हतं, हे त्यांनीच दिवसभर घोकलं होतं. बाईंनी खिडकीतून हात हलवला आणि वळणावर गाडी दिसेनाशी झाली.

"मॅडम झकास चालवतात," वॉचमन म्हणाला. "कोण हो?"

जरतरांनी रिकाम्या वळणाकडे एकदा बघितलं. ते बसस्टॉपकडे निघाले.

पहिल्या बसमध्ये उभं राहायला जागा मिळाली, दुसऱ्या बसमध्ये एकाच पायाला मिळाली. गर्दीत लोंबकळत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे छापील अर्ज तरळत होते. दावेदाराचे नाव, मृताशी नाते. गाडी गेली खड्ड्यात, बाई तेवढ्या घरी असू देत, असं ते देवाला पुन्हा पुन्हा सांगत राहिले. बाईंचा फोन घरी ओट्यावर राहिलेला, त्यामुळे विचारायचीही सोय नाही. आणि दुखऱ्या गुडघ्याने बाईंनी हा बसचा प्रवास रोज करायचा होता, हाही विचार मध्येच येऊन त्यांच्या दुसऱ्या पायावर उभा राहिला.

गल्लीच्या तोंडाशी त्यांनी कान टवकारले. इंजिनाचा आवाज नाही. ते चक्क पळत सुटले. समोरच्या काकांची भिंत आणि विजेचा खांब यांच्यामधल्या फटीत गाडी नीट लावलेली होती. तिथे त्यांना सायकलसुद्धा लावता आली नसती.

बाई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. जरतर दाराला धरून उभे राहिले. बाई धडधाकट आहेत हे बघून आधी त्यांना रडूच आलं, ते त्यांनी खोकून परतवलं.

"शेवटी इथे येऊन बंद पडली?" त्यांनी विचारलं.

"पडली नाही. मी केली."

"मेकॅनिकला न विचारता?"

"आता विचारू की. आता बंद आहे, घालू दे त्याला काय हात घालायचे ते." बाईंनी शेंग मोडली. "डॉक्टरांना फोन झाला. शाळेलाही हो कळवलं."

जरतर खुर्चीत टेकले. म्हणजे गाडी बाईच चालवणार, रोज टेकडीवर आपण चढवायची नाही. छातीवरचं मोठं ओझं उतरलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच त्यांच्या मनात एकही जर नव्हता. त्यांनी हात लांब करून दोन शेंगा सोलायला घेतल्या. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आणि उद्यापासून जरा लवकर उठा. सेल्फ दुरुस्त होईपर्यंत रोज सकाळी ढकलावी लागेल."

"आणि दुरुस्त झालाच नाही तर?"

बाईंनी शेंगांचं ताट जरतरांच्या पुढे सरकवलं. जरतरांनी जेवायच्या आधीच गजर लावून ठेवला.