बुटांचा उल्लेख दाखवा

आमच्या सोसायटीच्या ऑफिसबाहेर पाटी आहे : 'चपला बाहेर काढाव्यात.' गायधनी वकील बूट घालून थेट आत जातात. सेक्रेटरी तडकले की म्हणतात, "बुटांचा उल्लेख दाखवा, काढतो."

कायदा शब्दांत असतो, करणाऱ्याच्या पोटात नसतो, हे त्यांचं जन्माचं मत. डॉक्टरांनी 'जेवणानंतर एक गोळी' लिहून दिलं, तर एकादशीला पठ्ठ्याने गोळीच घेतली नाही. साबुदाण्याची खिचडी म्हणजे फराळ, जेवण नव्हे! संध्याकाळी चक्कर येऊन पडले, तरी मत कायम. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. मी शेजारी, म्हणून आपटतो.

त्यांचा मुलगा निखिल ओझरला कामाला जायचा. एके सकाळी स्कूटरवरून गेला तो परतलाच नाही. स्कूटरही सापडली नाही. जवळच्या माणसांनाही सात वर्षं ज्याची खबर नाही, तो मेला असं कोर्ट धरून चालतं. सात वर्षं उलटून गेली होती. सून शलाकाला एक चांगलं स्थळ आलं होतं. तिने कोर्टात दावा लावला. साक्ष सासऱ्यांची हवी होती.

"खबर नाही असं कसं सांगू?" गायधनी काका म्हणाले. "रोज दिवेलागणीला त्याची स्कूटर फाटकाशी येते."

मी हसणार होतो. पण ती मीही ऐकली होती. इंजिन धडधडतं, बंद होतं, आणि बघावं तर रस्ता रिकामा. भीतीने मी हे बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"काका, हा कायदा मागे राहिलेल्यांसाठी केलाय. हेतू बघा ना."

"हेतू कुठल्या ओळीत लिहिलाय?"

शलाका दारात उभी होती.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "मुलाची काही खबर?"

काकांनी सुनेकडे पाहिलं. "नाही, साहेब."

त्या संध्याकाळीही स्कूटर आली. काका फाटकाशी गेले आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "बाळा, मी शपथेवर खोटं बोललो. शलाकाला मोकळं करायचंय रे. आता नको येऊस."

इंजिन बराच वेळ चालूच राहिलं. मग आवाज गंगापूर रोडच्या दिशेने लांब लांब गेला.

मी त्यांच्याजवळ गेलो. फाटक धरून ते रडत होते.

"निघताना नेहमी हॉर्न द्यायचा," ते म्हणाले. "आज दिला नाही. रागावला असेल का रे?"