ओव्हनगडची स्वारी आणि बारा पफांची हकीकत

शेजारपाजाऱ्यांनी पुसिले की, रविवारी दोन प्रहरी स्वयंपाकघराचे खिडकीतून धूर निघाला तो कशाचा, आणि पफ कितीक वाचले. त्यावरून घडले ते लिहितो. लिहिणारा सरकारांचाच पफ खाऊन बसला आहे, तरी खोटे लिहिणार नाही.

अखंडबडबडाधीश, तीन मतांनी निवडून आलेले वर्गप्रतिनिधी, श्रीमंत धाकटे सरकार, इयत्ता नववी, यांचे मनी शाळेच्या तीन दिवसांच्या सहलीस जावे ऐसे बहुत होते, परंतु परवानगीचा कागद मातोश्रींचे सहीविना फ्रिजवर चुंबकाखाली आठ दिवस कैदेत होता. मातोश्रींचे म्हणणे, जिला स्वतःची पाण्याची बाटली सापडत नाही ती परक्या ठिकाणी काय राहते. मग सरकारांनी भर जेवणात विडा उचलिला की, एक पदार्थ आरंभापासोन शेवटापर्यंत एकटीने करीन, कोणास हाक मारिली तर सहल सोडिली.

"बरं. आणि भांडीपण तूच घासायचीस," इतके बोलोन मातोश्रींनी तह मान्य केला.

पदार्थ ठरला सफरचंद-अक्रोड भरलेले पफ, कारण व्हिडिओत ते सात मिनिटांत झाले होते.

मग रविवारी सरकारांनी दारात खुर्ची आडवी लावोन नाकेबंदी केली, आणि मैद्यात थंड लोणी चोळिले, त्यातील निम्मा मैदा परातीत आणि निम्मा भिवयांवर चढला, आणि सफरचंदे बारीक चिरोन साखर, दालचिनी, मनुकांसह कढईत शिजविली, आणि अक्रोडावर बत्ता हाणिला, तो पहिल्याच घावास एक अक्रोड फ्रिजखाली फरारी झाला, अद्याप हाती लागला नाही. तीर्थरूप बाबासाहेब पाण्याचे निमित्त करोन वारंवार टेहळणीस येत.

"बाबा, एवढी तहान कधीपासून लागते तुम्हाला?"

या सवालासरशी तीर्थरूप सोफ्यावर माघारी गेले. मग पोळी लाटोन चौकोन कापिले, सारण भरोन कडा काट्याने दाबिल्या, आणि बारा पफ ट्रेवर उभे ठाकले, त्यांत एकाचे तोंड दुसऱ्यासारखे नव्हते. सरकारांस मात्र आपण बेकरी काढावी ऐसे वाटू लागले.

राहिला ओव्हनगड. हा किल्ला मामासाहेबांनी सहा वर्षांमागे नजर केला, तैपासोन आत तवे आणि झाकण हरवलेले डबे यांची शिबंदी होती. ती बाहेर काढोन सरकारांनी बटणास हात घातला, तो बटणाभोवती एक आकडा शिल्लक नाही. मातोश्रींनी सहा वर्षे रोज फडका मारोन ओव्हन लखलखीत ठेविला आणि आकडे पार उडविले. व्हिडिओचा हुकूम एकशे नव्वद अंशांचा, आणि येथे एकशे नव्वद कोठे आणि शंभर कोठे काही कळेना. इकडे लोणी वितळोन पफ बसकण मारू लागले, आणि अखंडबडबडाधीशांची वाचा बसली. सहलीच्या बसमधली खिडकीची जागासुद्धा मैत्रिणीशी भांडोन मिळविली होती. सरकारांनी बहुत काळ, म्हणजे अर्धा मिनिट, विचार केला आणि हाक मारिली.

"आई, जरा येतेस?"

मातोश्री खुर्ची सारोन आल्या आणि बटणाकडे पाहत राहिल्या.

"मला नाही गं माहीत. मी कधी लावलाच नाही. भीती वाटते मला त्याची."

स्वयंपाकघरात मातोश्रींस न येणारी वस्तू आहे, हे सरकारांनी जन्मात प्रथम ऐकिले. सरकारांस आधी आनंद झाला, मग लाज वाटली, आणि मग तोड सुचली, याच क्रमाने. अवघी फौज फ्रिजात छावणीस धाडिली आणि एकेक पफ जासूद करोन किल्ल्यात पाठविला. पहिला, बटण पुरते फिरविल्याने, कोळसा होवोन पडला, आणि शेजारी पुसतात तो धूर त्याचाच. दुसरा, बटण किंचित फिरविल्याने, वीस मिनिटे आत बसोन गोरा तो गोराच. तिसरा, मधोमध, टम्म फुगला आणि सोनेरी झाला. त्या जागी सरकारांनी लाल नेलपॉलिशचे टिंब लाविले आणि उरलेले नऊ आत लोटिले.

मग सरकारांनी मान खाली घालोन कबुली दिली. "हाक मारली मी. हरले."

मातोश्री तिसरा जासूद चावत होत्या. "मारलीस खरी. पण माझ्याकडून मिळालं काय तुला? पेन आण."

येणेप्रमाणे ओव्हनगड फत्ते झाला. दोन पफ कामी आले, एक ट्रेवरच फुटोन सारणासह सांडला, नऊ विजयी होवोन संध्याकाळच्या आत पोटी गेले. परात, कढई आणि करपलेला ट्रे सरकारांनी खासा घासिला, ट्रे दोनदा. परवानगीच्या कागदावर मातोश्रींची सही झाली, आणि तिजखाली हुकूम सुटला की, सरकार सहलीस असतील तेव्हा आपण एकटीने ओव्हन लावणार, आणि अडले तर सरकारांस फोन येईल, तो पहिल्या रिंगेस उचलावा.