लेल्यांची सेवाज्येष्ठता

लेले आमच्या नांदगावात कायमचे राहायला आले, त्या वर्षी देवळाच्या भंडाऱ्याला गाव दीड तास उपाशी बसलं. भात शिजला होता, आमटी उकळून उकळून आटत आली होती, पत्रावळी मांडून झाल्या होत्या. अडलं होतं ते पहिल्या पंगतीला कोणी बसायचं यावर. दरवर्षी जो आधी येई तो आधी बसे. त्या वर्षी लेले दारात वही घेऊन उभे राहिले आणि येईल त्याला विचारू लागले, "जॉइनिंग डेट काय तुमची?"

म्हणजे तुम्ही या गावात कधीपासून आहात. जो जुना, तो आधी जेवणार. ऐकायला न्यायाचं वाटतं. पण बायकांनी विचारलं, आमची तारीख जन्मापासून धरणार की लग्न होऊन इथे आल्यापासून? लेल्यांनी जरा विचार केला. "परगावच्या माहेरची सर्व्हिस धरता येणार नाही. बदलीने आलेल्याला नवीन नंबर." त्यावर ऐंशी पार केलेल्या शांतावहिनी पुढे झाल्या. "माझी धाकटी जाऊ ह्याच गावात जन्मली. म्हणजे ती माझ्या आधी जेवणार होय रे?" नियमाने तसंच येत होतं आणि लेल्यांनी ते तोंडावर सांगितलं. शांतावहिनी सरळ आत गेल्या आणि पहिल्या पानावर बसल्या. त्यांच्यामागून सगळं गाव आत घुसलं. लेले वही मिटून शेवटच्या पंगतीत जेवले.

हे माझे शेजारी. त्यांची वाडी नि माझी वाडी यांच्यात एक कुंपण. गावात आधी बोलवा होती की लेले विमान चालवायचे. तसं काही नव्हतं. एका सरकारी विमान कंपनीत, विमानाच्या पोटात सामान भरून घेण्यावर ते देखरेख करायचे, मुंबईच्या विमानतळावर, तीसेक वर्षं. तिथून सगळं सोडून आले, पण सेवाज्येष्ठता यादी डोक्यातून गेली नाही. वाडीतल्या प्रत्येक पोफळीला पत्र्याचा नंबर ठोकलेला. लावणीच्या तारखेप्रमाणे पाणी. रोपवाटिकेतून आणलेलं आंब्याचं कलम 'डेप्युटेशनवर' म्हणून सगळ्यात शेवटी. ते वाळायला लागलं तेव्हा लेलेवहिनी मागच्या दाराने त्याला गुपचूप तांब्याभर पाणी घालायच्या.

मी शाळामास्तर. आमच्या खात्यातही याद्या असतात, पण माणूस शाळेतून घरी आला की यादी शाळेत राहते. मी त्यांची भरपूर चेष्टा केली आहे. आता त्याचं वाईट वाटतं.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर लेल्यांना पोस्टाने एक पाकीट आलं. त्यानंतर तीन आठवडे त्यांच्या वाडीतला पंप ऐकू आला नाही. लेलेवहिनीच एकदा कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "भाऊजी, जरा बघा हो यांच्याकडे. झाडांचे नंबरसुद्धा विसरलेत." मी गेलो. लेले ओटीवर बसले होते, पाकीट मांडीवर. आत एक फॉर्म होता आणि एक चिठ्ठी: 'लेले, सही करून पाठव. म्हात्रे.'

त्या दिवशी त्यांनी मला सगळं सांगितलं.

पूर्वी सरकारच्या दोन विमान कंपन्या होत्या. एक देशात उडणारी, ती लेल्यांची. दुसरी परदेशात उडणारी, ती हिरामण म्हात्र्यांची. म्हात्रे न्हावा शेव्याकडचे, मिठागरवाल्या घरातले. कंपन्या वेगळ्या, पण काम एकच, आणि दोघांची दोस्ती. मग दिल्लीत एका मंत्र्याला वाटलं, सरकारला दोन कंपन्या कशाला, एक करा. पुढच्याला वाटलं घाई झाली, समिती नेमा. त्याच्या पुढच्याला वाटलं, विकूनच टाका. "लग्न दिल्लीत लागलं मास्तर, आणि भांडी आमच्यात वाजली," लेले म्हणाले.

कारण दोन कंपन्यांच्या दोन याद्यांची एक यादी करायची होती. कच्ची यादी भिंतीवर लागली. लेले रात्रपाळी करून आले आणि बोटाने नाव शोधायला लागले. त्यांच्या अगदी वरच्या ओळीत नाव होतं म्हात्र्यांचं. बढतीची जागा एकच सुटणार होती. हरकत घ्यायला पंधरा दिवस होते.

लेल्यांनी हरकत घेतली. म्हात्र्यांची पहिली चार वर्षं रोजंदारीची होती, ती नोकरीत धरू नयेत, असं लिहिलं. ते खरंच होतं. म्हात्र्यांनीच गप्पांच्या ओघात कधीतरी सांगितलं होतं. हरकत मंजूर झाली. म्हात्रे चौपन्न नंबर खाली गेले आणि त्यांची नागपूरला बदली झाली.

"आणि तुम्हाला बढती?"

"ऑर्डर निघायच्या आधी सरकारने कंपनी विकायला काढली. बढत्या बंद. विकली गेल्यावर नव्या मालकाने विचारलंसुद्धा नाही यादी कुठे आहे ते. ज्या कपाटात होती ते कपाट रद्दीत गेलं म्हणतात."

एका नंबरासाठी हे सगळं, आणि त्या नंबराने बढतीही मिळाली नाही. लेले पुढे म्हणाले, निदान इथे तरी कोणावर अन्याय होऊ नये म्हणून मी यादी नीट लावत असतो. पंगतीतली, पोफळींची, सगळ्या गावाची यादी नीट लावून जी एक ओळ चुकली होती ती कशी दुरुस्त होणार होती?

आता फॉर्मचं. म्हात्र्यांच्या बायकोच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं होतं. निवृत्तांच्या औषधपाण्याच्या योजनेत बसायला म्हात्र्यांची नोकरीची वर्षं कमी पडत होती, तीच रोजंदारीची चार. कागद कुठे सापडत नव्हते. त्या काळी विमानतळावर सोबत काम केलेल्याने 'हो, हे होते' अशी सही दिली तर चालणार होतं. म्हणजे लेल्यांनी जे पुसायला लावलं, तेच आता त्यांनी लिहून द्यायचं होतं.

"पोस्टाने पाठवा की," मी म्हणालो.

"पोस्टाने नाही पाठवता येत, मास्तर. तुम्ही चला बरोबर."

रेवसहून तरीने खाडी ओलांडून करंज्याला उतरलो आणि म्हात्र्यांच्या गावी जायला रिक्षा केली. जिथे मिठागरं होती तिथे आता कंटेनर रचून ठेवलेले दिसत होते. म्हात्रे अंगणात जाळं सोडवत बसले होते. उठले नाहीत. "ये. बस," एवढंच म्हणाले आणि बायकोला पाणी आणायला सांगितलं. ती भिंतीला धरून धरून आत वळली.

लेल्यांनी उभ्याउभ्याच फॉर्मवर सही केली, तारीख घातली, आणि कागद पुढे करून म्हणाले, "म्हात्रे, ती हरकत मी घेतली होती."

"ठावं हाय मना. रोजंदारीचं तुलाच सांगितलं व्हतं. दुसऱ्या कोनाला न्हाय."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

म्हात्र्यांनी जाळं बाजूला ठेवलं. "नंबराचं काय न्हाय रं. दिल्लीनं दिला, दिल्लीनं घेतला. पन तू हरकतीच्या दुसऱ्या दिवसापासून माज्यासंगती जेवाला बसला न्हाईस. हिला मी सांगितलं न्हाय. माजी बदली होईपर्यंत, सा महिनं, ही रोज तुज्या नावाच्या दोन भाकऱ्या बांधून देत व्हती."

लेल्यांनी अगदी हळू विचारलं, "काय केलंस त्यांचं?"

"खाल्ल्या. परत आनल्या आसत्या त हिनं इचारलं आसतं."

लेले चष्मा काढून रडायला लागले. म्हात्रे त्यांच्याकडे न बघता त्या सहीवरून बोट फिरवत राहिले. पाण्याचा तांब्या घेऊन त्यांची बायको दारातच थांबली होती. तिला हे आजच कळत होतं.