तीन मेणबत्त्या आणि नमुना क्रमांक चार

हेडक्लार्कांनी त्या दिवशी नुसतं टाइप केलं असतं, तर पुढची शोभा टळली असती. पण समोर आलेला कागद जसाच्या तसा पुढं जाऊ द्यायचा, हे त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं. रजा विभागात सत्तावीस वर्षं काढलेला माणूस. लग्नपत्रिका आली तरी आधी लाल पेन शोधायचा.

लेकीनं चार महिने खपून एक खेळ रचला होता. टेबलाभोवती बसून खेळायचा. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतले वीर व्हायचं आणि संकट आलं की फासा टाकायचा. सोबत्यांना पटला, तर खेळ कॉलेजच्या मंडळात जाणार होता. घरचा प्रिंटर बंद, म्हणून तिनं वही बापाकडे दिली. "फक्त टाइप करून आणा, बाबा. बदलू नका काही." दोन वर्षांत पोरीनं आपणहून मागितलेली ही दुसरी गोष्ट. (पहिली म्हणजे, खोलीत येताना दार वाजवा.) हेडक्लार्क हरखून गेले.

ऑफिसात वही उघडली मात्र, त्यांचा जीव खालीवर होऊ लागला. नियम पहिला: टेबलावर तीन मेणबत्त्या लावाव्यात. जंगलात ज्याला भीती वाटेल, त्यानं ती कशाची ते मोठ्यानं सांगून एक मेणबत्ती विझवावी. तिसरी विझली की जंगल सगळ्यांना गिळतं. आता भीती किती, ती खरी कशावरून, मंजूर कोण करणार, कशाचा कशाला पत्ता नाही. शिवाय घरात उघडी ज्योत. मंडळात पोरीचं हसं होईल, या काळजीनं त्यांनी पेनचं टोपण काढलं.

मेणबत्त्या गेल्या. त्यांच्या जागी नमुना क्रमांक चार आला: भीती वाटल्यास सकारण अर्ज, दोन प्रतींत, ज्येष्ठ वीराच्या शिफारशीसह. राक्षसावर वार करण्यापूर्वी त्याला सात दिवसांची लेखी सूचना आणि म्हणणं मांडायची संधी. सहा पानांची अठ्ठेचाळीस झाली. स्पायरल बाइंडिंग झालं. शेवटी शिक्काही बसला. (तो कुणी मागितला नव्हता, पण शिक्क्याशिवाय कागद त्यांना उघडा दिसायचा.)

रविवारी दुपारी लेकीनं पडदे ओढले आणि मेणबत्त्या लावल्या. चष्मेवाली मैत्रीण, शिंप्याची पोर आणि लांब्या नावाचा एक उंच मुलगा, असे तिघं खेळायला बसले. हेडक्लार्कांनी प्रती वाटल्या आणि कौतुक ऐकायला दाराशी थांबले.

लेक हळू आवाजात सांगू लागली. झाडं जवळ सरकताहेत, मागून कुणीतरी तुमच्याच आवाजात तुम्हाला हाक मारतंय. चष्मेवालीच्या अंगावर काटा आला. तिनं मेणबत्ती विझवायला तोंड पुढं केलं, तेवढ्यात लांब्यानं पुस्तक उघडलं.

"थांब. आधी अर्ज कर."

पोरांना वाटलं, हा खेळच असा आहे. लेक काही सांगू गेली, तर तिघंही पुस्तकातलं पान दाखवत. ज्येष्ठ वीर कोण, यावर वीस मिनिटं गेली. शिंप्याच्या पोरीनं राक्षसाला सूचना बजावली आणि त्याची पोच मागितली. जंगल तेच, राक्षस तोच, पण भ्यायला कुणी तयार नव्हतं. हसून हसून पोरं खुर्चीवरून पडायची बाकी होती. लेक तेवढी हसली नाही. तिनं वही मिटली आणि तिन्ही मेणबत्त्या एकेक करून विझवल्या. बापाकडं मान वर करून पाहिलंही नाही.

हेडक्लार्कांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वयंपाकघरात गेले, तर बायकोनं पाणीसुद्धा विचारलं नाही. अख्खी संध्याकाळ ते नमुना चार मनातल्या मनात फाडत बसले. शेवटी लेकीच्या खोलीशी जाऊन त्यांनी दार वाजवलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "मला वाटलं, गोष्ट वेगळी आणि नियम वेगळे."

"नियम पाळतानाच कळतं ना, बाबा, हे जग कसलं आहे ते. माझ्या नियमांनी जंगल दिसायचं. तुमच्यांनी तुमचं ऑफिस दिसलं."

हेडक्लार्क जायला वळले, तशी ती म्हणाली, की जंगलात मेणबत्त्याच राहतील. पण मेलेल्या वीरांचं एक राज्य तिला हवंच होतं. तिथं बाबांचे नियम लावायचे, अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पानं. जिवंत होऊन परतायचं तर रीतसर अर्ज. फोनवर हे ऐकून लांब्या म्हणाला होता, इतकं भयंकर राज्य त्यानं आजवर पाहिलं नाही.

"तिथला अधिकारी व्हाल? कुणी मेलं की हाक मारते."

खेळ मंडळात गेला आणि गाजलाही. सराव मात्र दर रविवारी घरीच चाले. हेडक्लार्क इस्त्रीचा शर्ट घालून, शिक्का आणि स्टॅम्प पॅड घेऊन आतल्या खोलीत पलंगावर हजर. बाहेर किंकाळ्या उठत, फासे खडखडत, विझल्या मेणबत्तीचा वास आत येई. हाक काही येत नव्हती. त्या राज्याच्या धास्तीनं पोरं इतकी जपून खेळू लागली होती, की मरायला कुणी राजीच नव्हतं. परक्याच्या पोरांच्या मरणाकडं डोळे लावून बसल्याची हेडक्लार्कांना मनातून लाज वाटे, पण जागेवरून उठवत नसे.

तिसऱ्या रविवारी बायकोनं दारातून डोकावून विचारलं, "मेलं का कुणी?"

"अजून नाही," हेडक्लार्क पडेल आवाजात म्हणाले. "लांब्या मघाशी अगदी जायला टेकला होता, पण सावरला." आणि त्यांनी शिक्का पुन्हा एकदा शाईवर दाबून ठेवला.