रोह्याच्या गणपतीचा पाट

"दादा, विंडोज घेऊ की लिनक्स?"

प्रश्न ऋतुजाचा नव्हताच! तिच्या मैत्रिणीनं, दीपिकानं, पैज लावून तो तिच्या तोंडी घातला होता. "मुंबईच्या इंजिनियरला हे विचारून दाखव, मग मानू तुला कॉम्प्युटरमधलं कळतं!"

विचारायला काय जातंय? ऋतुजानं बेधडक विचारलं. पण श्रेयसदादानं, म्हणजे तिच्या चुलतभावानं, उत्तर द्यायच्या ऐवजी स्वतःचा लॅपटॉपच तिच्या मांडीवर ठेवला.

"यात दोन्ही आहेत. उद्यापर्यंत बघ आणि तूच सांग. कॉलेजसाठी तुला एखादा जुना मिळवून देतो. पण जपून हं! कंपनीचं सगळं काम आहे यात. उद्या मी आमच्या रोह्याच्या कंपनीत आहे, दुपारी तिथून माणूस पाठवतो, त्याच्याकडे दे. याला काही झालं तर तुझ्याआधी माझी नोकरी जाईल!"

ऋतुजा हवेत! अख्ख्या पेणमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली बारावीतली मुलगी बहुतेक तीच. रात्रभर तिनं दोन्ही सिस्टीम उघडून पाहिल्या. विंडोज रंगीत आणि गोड. लिनक्स सुरू होताना आधी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर पळायची, जणू कुणीतरी खूप रागावून पत्र लिहितंय.

दुसऱ्या दिवशी हरतालिका. बाबांच्या गणपतीच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडेतिकडे रंग, माती आणि गिऱ्हाइकं! ऋतुजानं लॅपटॉप आईच्या जुन्या लाल साडीच्या तुकड्यात नीट बांधला, वर 'रोहा. सांभाळून!' अशी चिठ्ठी अडकवली आणि कारखान्यातल्या सगळ्यात स्वच्छ फळीवर ठेवून दिला. मग रंग देणाऱ्या काळुरामला बजावलं, "रोह्याहून माणूस येईल, त्याला हे दे."

"व्हय ताई, देतो."

आता ही फळी कसली, तर गिऱ्हाइकांच्या पाटांची! मूर्ती ज्या पाटावर बसायची, तो लोक आधीच घरून कपड्यात बांधून, चिठ्ठी लावून आणून देतात. चौकोनी, चपटा, कपड्यात बांधलेला आणि वर गावाचं नाव. यापेक्षा वेगळा पाट असतो कुठं?

ऋतुजा जेवून आली तर फळी रिकामी.

"नेलं का रे?"

"नेलं की! रोह्याचे दाजी आले होते. मूर्ती नेली, पाट नेला. लई गुळगुळीत पाट बघा त्यांचा!"

ऋतुजा धावतच बाबांकडे गेली. "बाबा!"

बाबांनी कपाळाला हात लावला. त्या हाताला गुलाबी रंग होता, त्यामुळे कपाळही गुलाबी झालं. "मला आज हलता यायचं नाही. रोह्याला दुसरा टेम्पो निघतोय, त्यात बस!"

पाठलाग सुरू झाला. पण कसला? मागे गणपतीच गणपती, पुढे खड्डेच खड्डे! ऋतुजा मांडीवर एक मूर्ती धरून बसली होती. शेजारून एक सायकलवाला शीळ घालत पुढे गेला.

"अहो काका, जरा जोरात!"

"देव हाय मागं, ताय. मोदक नाय."

नागोठणं आलं तोवर दादाची नोकरी तिनं मनातल्या मनात तीनदा घालवली होती.

रोह्यात दाजींच्या घरात मखर सजलं होतं. मखरात फूटभर शाडूचा गणपती. आणि गणपतीखाली लाल साडी!

"दाजी, तो पाट नाही! तो कॉम्प्युटर आहे!"

दाजी हसले. "चल, काहीतरीच! देव एकदा मखरात बसला की हलवायचा नाय गो."

"किती दिवसांचा आहे?"

"धा दिवसांचा!"

ऋतुजाला रडूच फुटणार होतं. तेवढ्यात तिला आठवलं, आपण कुणाची लेक आहोत! ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दाजी, प्राणप्रतिष्ठा उद्या. तोवर ही नुसती मूर्तीच आहे, आणि मूर्ती तर माझे बाबा रोजच हलवतात!"

दाजी बायकोकडे बघायला लागले. हौसाकाकू पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "खरं बोलतेय पोर. आणि अवो, आपला पाट तर माळ्यावरच हाय! पोचवलात कधी तुम्ही?"

मूर्ती अलगद उचलली गेली. साडी सुटली. ऋतुजानं बटण दाबलं. काळा पडदा. वर पांढरी अक्षरं भराभर पळायला लागली!

"गेला!" ती मटकन खाली बसली.

"काय लिवतोय गो तो?" हौसाकाकू वाकल्या. "शिव्या देतोय काय?"

आणि मग ऋतुजाला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी असतानाच! अहो, हा तर लिनक्स! हा बरा असतानाही असाच ओरडतो! थोड्याच वेळात सगळं जागच्या जागी उघडलं. दादाचं काम, दादाची नोकरी, सगळं शाबूत. काकूंनी तिला मोदकाचं सारण चाखायला दिलं. आयुष्यात खोबरं इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

लॅपटॉप कंपनीत दादाच्या हातात देऊन ती घरी परतली. आईबाबा दारातच उभे होते.

"मग? काय ठरलं?" बाबांनी विचारलं. कपाळ अजून गुलाबीच होतं.

"ठरलं! सिस्टीम विंडोज. लिनक्स हुशार आहे, पण सुरू होताना माझा जीव घेतो. आणि लॅपटॉप नको मला. टेबलावरचा तो मोठा, गोणीएवढा कॉम्प्युटर घ्या, बाबा. त्याला पाट म्हणायची काळुरामचीसुद्धा हिंमत होणार नाही!"