आत किती जण?

गजूभैया दारात आले की नमस्काराआधी विचारतात, "ताई, आत किती जण?" बँकेतल्या बदलीमुळे मी बनारसला आले, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत घर घेतलं, तेव्हा पहिल्याच दिवशी भाबडेपणानं सांगितलं, "मी एकटीच." ते म्हणाले, "माणसं नाही. वायफायवर."

गजूभैया इथल्याच जुन्या मराठी घरातले. पन्नाशीचे, सडपातळ, एकटे. गल्लीतल्या तारा माकडं तोडतात, म्हणून त्यांनी गच्च्यांवर छोट्या डिश बसवून आसपासच्या घरांना बिनतारी इंटरनेट दिलंय. पासवर्ड कागदावर लिहू देत नाहीत, कानात सांगतात. पण आवाज असा, की गल्लीत एकट्या राहणाऱ्या सुमतीकाकूंचा पासवर्ड समोरच्या दूधवाल्यालाही पाठ झाला. मग तो बदलायला दुसऱ्या दिवशी परत आले.

माझा भाऊ नाशिकहून आला, त्यानं मोबाइल जोडला, आणि दहा मिनिटांत गजूभैया धापा टाकत जिना चढून हजर. "ताई, घुसपैठ झालीय." भावाला नाव सांगावं लागलं, परत कधी जाणार तेही.

आम्ही हसायचो, पण त्यांची भीती उगीच नव्हती. एकदा त्यांनीच एका चहावाल्याला दिलेल्या, पासवर्ड नसलेल्या वायफायवरून कुणीतरी कुणाला धमकी पाठवली होती. पोलिसांनी गजूभैयांना दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं. "एकच विचारत होते, तेव्हा आत कोण होतं? मला सांगता येईना." तेव्हापासून कोणत्या घरातला कोणता मोबाइल, कोणता टॅब जोडलेला आहे, याची यादी ते मोबाइलवर सारखी बघत असतात.

एका रविवारी सकाळी आले ते काही न विचारताच. चेहरा उतरलेला. "सुमतीकाकू आज आत आल्या नाहीत. सहाला त्यांचा टॅब लागतो, स्तोत्रं ऐकतात. साडेआठ झाले."

"झोपल्या असतील."

"काकू?"

आम्ही धावलो. दाराला आतून कडी. गजूभैया शेजारच्या गच्चीवरून आत उतरले आणि त्यांनी दार उघडलं. काकू स्वयंपाकघरात पडल्या होत्या, शुद्धीत, पण उठता येत नव्हतं. गल्लीत गाडी येत नाही, म्हणून आम्ही दोघांनी दूधवाल्याला हाक मारली आणि त्यांना खुर्चीत बसवून मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं.

दवाखान्यात काकूंनी विचारलं, "गजू, मी काय बघते ते तुला दिसतं?"

"नाही काकू. आहात, एवढंच दिसतं."

परतताना गजूभैया पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर बसले. म्हणाले, "माझा मोबाइल रोज साडेपाचला आत येतो, ताई. ते बघणारं कुणी नाही." मग माझा मोबाइल घेऊन त्यांनी ती यादी त्यावर उघडून दिली. दुसऱ्या कुणालाही ती त्यांनी कधी दाखवली नव्हती.

मी रोज बघू लागले. काल साडेसहा झाले तरी त्यांचं नाव येईना. फोन लावला, तर बंद. गॅस बंद करून तशीच अनवाणी निघाले. त्यांच्या दारावर थाप मारली तर दार लगेच उघडलं. गजूभैया अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून उभे होते.

"मोबाइल मीच बंद ठेवला," ते खाली बघत म्हणाले. "येतंय का कुणी, बघत होतो."

मला रागवायचं होतं. जमलं नाही. "चहा टाका," म्हटलं, आणि मी खुर्ची ओढून बसले.